पाटल्या सोडवून आणा, आप्पा

स्टुटगार्ट, जर्मनी
८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आप्पांस आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी खुशाल आहे. थंडी आहे, पण घरात ऊब असते, जेवण वेळेवर होते आणि आईने दिलेला काळा मसाला अजून अर्धा शिल्लक आहे. फोनवर पैशांचा विषय निघाला की आईचा आवाज कातर होतो, तुम्ही "बरं, बघू" म्हणून फोन धाकट्याकडे देता आणि माझे सांगायचे राहून जाते, म्हणून या वेळी सगळे लिहूनच पाठवते आहे. त्याला हे छापून तुमच्या हातात द्यायला सांगितले आहे.

आप्पा, तुम्ही विचारलेत की एकट्या पोरीला इतकी खाती कशाला, पैसा एका जागी का थांबत नाही, आणि कोणी फसवत तर नाही ना. कोणीही फसवत नाही. एक खाते पगाराचे आहे. त्यातून घरभाडे आणि विम्याचा हप्ता जातो आणि त्यावर व्याज मिळत नाही. दुसऱ्याला इथे 'टागेसगेल्ड' म्हणतात, शब्दशः दिवसाचा पैसा. त्यातली रक्कम कोणत्याही दिवशी काढता येते, मात्र बँकही व्याजाचा दर केव्हाही बदलू शकते. या खात्याला ना कार्ड असते ना चेकबुक. त्यातून निघालेला पैसा माझ्याच पगाराच्या खात्यात येतो, दुसरीकडे जात नाही. बँक बुडालीच, तर एका माणसाच्या एका बँकेतील १,००,००० युरोंपर्यंतच्या ठेवीला कायद्याचे संरक्षण आहे आणि ती रक्कम कामकाजाच्या सात दिवसांत परत द्यावी लागते. माझी शिल्लक त्या आकड्याच्या जवळपासही नाही, त्यामुळे ती काळजी मनातून काढून टाका.

बँका का बदलते, हे मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण मलाही ते पहिली दोन वर्षे कळले नव्हते. आपल्याकडे बँक म्हणजे घरोबा. मॅनेजर आपल्या पंगतीला जेवून जातो आणि आपण तीस वर्षे एकाच पासबुकावर काढतो. इथे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर बँकांची नावे, त्यांच्यापुढे तारखा, आणि काम झाले की त्या तारखेवर पेन्सिलीची रेघ. बँक नव्या गिऱ्हाईकाला पहिले तीन-चार महिने जवळपास तीन टक्के देते आणि मुदत संपली की तोच दर सव्वा टक्क्यावर आणून ठेवते. त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात बाई दुसऱ्या बँकेत खाते उघडतात, पासपोर्ट घेऊन टपाल कार्यालयात ओळख पटवून येतात आणि सगळी रक्कम तिकडे नेतात. काही महिने गेले की जुनी बँक त्यांना पुन्हा 'नवीन' समजते आणि त्या तिथे परत जातात. यात कोणाला लाज वाटत नाही आणि बँकेलाही राग येत नाही. मी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या की बँकेने आमच्याशी काय केले ते आम्ही विसरलो नाही. जून २०१४ पासून जुलै २०२२ पर्यंत युरोपच्या मध्यवर्ती बँकेचा ठेवीवरचा दर शून्याच्या खाली होता, आणि त्या काळात इथल्या अनेक बँका मोठ्या शिलकीवर व्याज देण्याऐवजी ठेवणावळ कापून घेत. ठेवीदाराकडून पैसे ठेवण्याचे पैसे! तुम्हाला हे खरे वाटणार नाही, पण तसेच होते. मी त्यांच्याइतकी धावत नाही, वर्षातून एकदा बदलते. त्यावर तुम्ही रागावू नये.

आता जे फोनवर बोलता आले नाही ते. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी ६,००० युरो बारा महिन्यांच्या मुदतीने ठेवले, कारण तिथे टागेसगेल्डच्या रोजच्या खात्यापेक्षा अर्धा टक्का जास्त मिळत होता. माझ्या डोक्यात आपल्याकडची एफडी होती. गरज पडली तर मोडू, थोडे व्याज बुडेल, एवढाच हिशेब मी केला. इथली मुदत ठेव सहसा मोडताच येत नाही, ही ओळ करारात होती आणि मी ती वाचूनही मनावर घेतली नाही. श्रावणातल्या त्या शुक्रवारी रात्री आईला जळगावला हलवले आणि दवाखान्याने दीड लाख आगाऊ मागितले, तेव्हा मी फोनच्या पडद्यावर माझेच ६,००० युरो बघत होते आणि त्यांच्याखाली तारीख होती १४ मार्च २०२६. पगाराच्या खात्यात होते ते ९०० युरो लगेच पाठवले, पण मध्ये शनिवार-रविवार आल्याने तुमच्या हातात ते मंगळवारी पडले. तोवर तुम्ही आईच्या पाटल्या गहाण ठेवून आला होतात. "तू काळजी करू नको" म्हणालात, आणि मी सोमवारी कामावरही गेले. वर्षाच्या अर्ध्या टक्क्याचे ३० युरो होतात, आप्पा. तेवढ्यासाठी आईचे हात मोकळे झाले, हे मला अजून सोसत नाही.

म्हणून मी आता वेगळी मांडणी केली आहे. कापणीच्या दिवशी मजुरांचे पैसे तुम्ही बंडीच्या आतल्या खिशात ठेवता आणि त्यातली नोट चहालासुद्धा मोडत नाही. तसा घराच्या अडीअडचणीचा खिसा मी वेगळा केला आहे. त्यात ३ लाख रुपये असतील, आणि ते इथे नाही, तिकडच्या माझ्या एनआरई बचत खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई भारतात रुपयांत ठेवायच्या खात्यात. तिथेही वर्षाची ठेव करणार नाही, कारण एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याजच मिळत नाही. खाते चालवण्याचे अधिकारपत्र तुमच्या नावे दिले आहे. बँकेतून बोलावणे आले की आधार आणि पॅन घेऊन सही करून या. गावातले माझे जुने खाते बंद केल्याचे तुम्हाला वाईट वाटले, पण ते बंद केलेले नाही. परदेशी राहायला आल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचे इथल्या पैशांसाठीचे खाते, करून घ्यावे लागते, तेवढेच केले आहे.

आणि यंदाच्या केळीचे पैसे. बाग कापली की वर्षाची कमाई एकदम हातात येते आणि खर्च मात्र रोज असतो, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी हात जोडून सांगते, दोन टक्के जास्त मिळतात म्हणून पुन्हा पतसंस्थेकडे वळू नका. मागच्या खेपेला तिथले संचालक ओळखीचे होते, तुम्ही विश्वास ठेवलात, त्यात तुमची चूक नाही. पण फेब्रुवारी २०२० पासून जे ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षण आहे ते बँकेतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकेलाही आहे, पतसंस्थेला नाही. बँकेत खात्याला 'स्वीप'ची सोय मागा. ठरवलेल्या रकमेच्या वरचे पैसे आपोआप ठेवीत जातात आणि तुम्ही काढायला गेलात की लागेल तेवढीच ठेव मोडते. फवारणी, खत, मजुरी यांचे पैसे तिथेच असू द्या.

माझी ठेव १४ मार्चला सुटेल. महिनाअखेर रक्कम तुमच्याकडे पोहोचेल. पहिल्याच दिवशी जाऊन व्याजासकट कर्ज फेडा आणि पाटल्या सोडवून आणा. उरलेले पतसंस्थेत अडकलेल्या पैशांची भरपाई समजून धाकट्याच्या फीला वापरा, मला परत करायचे नाहीत.

धुळ्याच्या स्थळाला मी नाही म्हटलेले नाही. अखाजीला दहा दिवसांची रजा मिळाली आहे, तेव्हा त्यांना बोलवा. मात्र मी दरमहा घरी पैसे पाठवते आणि लग्नानंतरही पाठवणार, हे त्यांना आधीच सांगा. ऐकून ते आले नाहीत तर तुम्ही मन खट्टू करू नका. लग्नाच्या खर्चाचे मी माझ्या रोजच्या खात्यात वेगळे साठवते आहे, त्यासाठी बागेवर कर्ज काढायचे नाही.

आई, औषधाच्या गोळ्या संपण्याआधी आणत जा, पैसे वाचवू नकोस. तुझ्याजवळ त्या वेळी मी नव्हते, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पाटल्या घरी आल्या की कपाटात ठेवू नकोस, हातात घाल आणि धाकट्याला फोटो पाठवायला सांग.

तुमची,
ताई