पेव्हर ब्लॉक नको, घोटलेला कोबा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या जुळे सोलापूर भागात संध्याकाळी स्केटबोर्ड घेऊन बाहेर पडणारी काही मुले आहेत. एखाद्या संकुलाच्या वाहनतळावर ती जरा स्थिरावतात न स्थिरावतात तोच रखवालदार त्यांना हुसकावतो, आणि मग पुढच्या जागेचा शोध सुरू होतो. त्यात रखवालदाराचा तरी काय दोष? उभ्या गाडीला ओरखडा पडला तर जाब त्यालाच द्यावा लागतो. मात्र या मुलांना कोट्यवधी रुपयांचे स्केट पार्क हवे आहे असा जो समज आहे, तो बरोबर नाही. पंधरा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असा काँक्रीटचा सपाट, घोटलेला ओटा मिळाला तरी त्यांचे भागेल, हे महापालिकेच्या आणि नगरसेवकांच्या कानावर घालावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही मुले सध्या किकफ्लिप या कसरतीच्या मागे आहेत. मागच्या पायाने फळीच्या शेपटीवर झटका देऊन उडी घ्यायची, त्याच क्षणी पुढचा पाय वर सरकवत नेऊन करंगळीच्या बाजूने फळीच्या टाचेकडील कडेला ओझरता फटकारा मारायचा, फळीने हवेत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली की तिची खरखरीत बाजू वर येताच दोन्ही पाय चाकांच्या वरच्या बोल्टांच्या जागी टेकवायचे आणि न थांबता पुढे जायचे, हा सगळा प्रकार एका सेकंदाच्या आत उरकतो. त्याआधी ऑली, म्हणजे फळीसकट मारलेली साधी उडी, चालत्या बोर्डवर पक्की बसलेली असावी लागते. हिरवळीवर उभ्या उभ्या फळी फिरवायला शिकता येते. पण चाके चालू लागली की तोल निराळा होतो आणि शिकलेले बरेचसे पुन्हा शिकावे लागते. त्यापुढची अडचण कौशल्याची कमी आणि भीतीची जास्त असते. पुढचा पाय फळीवर नीट येतो, मागचा मात्र आपोआप जमिनीवर टेकतो. एकाच जागी, एकाच वेगात पुन्हा पुन्हा करत राहिल्यावाचून ही सवय जात नाही. माझ्या नातवाच्या डाव्या बुटाला करंगळीपाशी आरपार भोक पडले आहे आणि उजवा बूट जवळजवळ नवा आहे, कारण फळीवर चिकटवलेला पॉलिश पेपरसारखा कागद नेमका तेवढीच जागा घासतो.

ऑलीची सुरुवात १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात ॲलन गेलफंड याने केली, ती पोहण्याच्या तलावाच्या आकाराच्या वक्र भिंतीवर. ती सपाट जमिनीवर आणली आणि तिच्यातून किकफ्लिप घडवली रॉडनी मलेन याने, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे या फिरक्यांचे घराणेच सपाट फरशीचे आहे. उतार, कठडे आणि जिने हे पुढचे शिक्षण.

आता जमिनीविषयी. माझी सारी नोकरी बांधकामावर देखरेख करण्याची असल्याने येथे थोडे सविस्तर लिहितो. फ्लिपसाठी वापरल्या जाणाऱ्या बोर्डची चाके जेमतेम ५० ते ५५ मिलिमीटर व्यासाची आणि टणक असतात. पदपथ असो, बाग असो की मंदिराचे आवार, आपल्याकडे सर्वत्र पेव्हर ब्लॉक बसवण्याची चाल पडली आहे. त्या ब्लॉकच्या कडा तिरक्या असल्यामुळे वीतभर अंतरावर एकेक खाच येते, आणि अशा जमिनीवर चाक धडधडत राहिले की पायाला फळीचा अंदाजच येत नाही. डांबरी रस्त्यावरची सुटी खडी त्याहून वाईट, कारण एक खडा चाकाखाली आला तर बोर्ड जागीच थांबतो आणि मुलगा पुढे फेकला जातो. पॉलिश केलेल्या फरशीवर उडी घेतानाच चाके निसटतात. हवा तो एम-२५ दर्जाचा काँक्रीट, पाणी निघून जाण्यापुरता शंभरास एक उतार, यंत्राने घोटलेला पृष्ठभाग आणि कटरने मारलेले अरुंद सांधे. त्यावर निदान दहा दिवस पाणी मारावे. सोलापूरच्या उन्हात यात कुचराई झाली तर तडे ठरलेले. वरून कोरडे सिमेंट भुरभुरून आणलेली चकाकी नको, तिचे लवकरच पापुद्रे सुटतात.

ऑलिंपिकचे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून सांगतो, २०२१ मध्ये टोकियोत या खेळाचे पहिले महिला सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशिया हिने अवघ्या तेराव्या वर्षी जिंकले. गुजरातेत २०२२ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही स्केटबोर्डिंग होते. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवारसारख्या लहानशा खेड्यात २०१५ पासून स्केट पार्क आहे. आपण तर त्याहून फार कमी मागत आहोत.

पालकांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक यांवरून मुलांशी घासाघीस करू नये. खेळण्यांच्या दुकानातला प्लास्टिकच्या ट्रकचा (ट्रक म्हणजे चाके धरणारा फळीखालचा आस) बोर्ड घेऊन देण्यापेक्षा सात थरांच्या मेपल लाकडाचा वापरलेला बोर्ड मिळवावा, कारण त्या स्वस्त बोर्डवर मुलाची उडीच उठत नाही आणि तो स्वतःलाच दोष देत बसतो.

पुढच्या वेळी एखाद्या बागेच्या किंवा मैदानाच्या नूतनीकरणाची निविदा निघेल, तेव्हा पेव्हर ब्लॉकच्या क्षेत्रातून एवढा तुकडा वगळून तेथे घोटलेला काँक्रीट घ्यावा. जेथे स्केटिंग रिंक आहे, तेथे आठवड्यातले काही तास या मुलांसाठी राखून ठेवले तरी सुरुवात होईल. ओट्यावर छप्पर नसले तरी चालेल, दिवे मात्र हवेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि सूर्य मावळल्याखेरीज त्या काँक्रीटवर कोणी पाऊल ठेवणार नाही.

कळावे.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक,
जुळे सोलापूर