धडधड होतेय? आधी नाडी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छातीत धडधडतंय असं एखाद्या बाईनं सांगितलं, की घरी आणि पुष्कळदा दवाखान्यातही एकच उत्तर मिळतं: ‘टेन्शन घेऊ नका.’ सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करताना हे उत्तर मला कायम खटकत आलं, कारण बऱ्याचदा ते मनगटाला हात न लावताच दिलेलं असे.

जिना चढल्यावर, तापात, घाबरल्यावर नाडी जलद चालणारच. थोडं बसलं की ती उतरते. पण शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते. बसल्याजागी ती वरचेवर शंभरावर जात असेल तर कारण शोधायलाच हवं. आपल्याकडे बायकांत ते पुष्कळदा अंगात रक्त कमी असणं हेच निघतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. काहींचा थायरॉईड वाढलेला असतो. दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. ती न करता झोपेची गोळी हातात ठेवणं हा त्या बाईवर अन्यायच आहे.

दुसरा प्रकार जास्त फसवा. भाजी निवडत बसलेलं असताना एकाएकी नाडी दीडशेच्या पुढे जाते आणि काही वेळानं तशीच एकाएकी थांबते. दवाखाना गाठेपर्यंत सगळं शांत! ईसीजी नॉर्मल येतो आणि टेन्शनचा शिक्का पक्का होतो. म्हणून धडधड चालू असतानाच, जिथं जवळ ईसीजीची सोय असेल तिथं जावं. ते जमत नसेल तर डॉक्टरांना होल्टरबद्दल विचारावं; हे यंत्र किमान २४ तास ठोक्यांची नोंद ठेवतं. धडधड केव्हा सुरू झाली, कशी थांबली, मिनिटाला ठोके किती होते, ते लिहून न्यावं. ठोके मागेपुढे, अनियमित पडत असतील तर तेही सांगावं. विशेषतः वयस्कर माणसांनी आणि लहानपणी सांधेतापानं हृदयाची झडप खराब झालेल्यांनी ही गोष्ट अंगावर काढू नये. त्यातून हृदयात गुठळी होऊन अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो.

धडधडीबरोबर छातीत दुखलं, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर वाट न बघता १०८ ला फोन करावा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांना तर कळकळीनं सांगते: धावता धावता मूल बेशुद्ध पडलं, तर ‘उपाशीपोटी धावला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्याला मैदानावर पाठवू नका. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

केसपेपरवर बीपीच्या शेजारी नाडीचा आकडाही लिहिला जावा, आणि तो पूर्ण मिनिटभर मोजून, एवढी डॉक्टरांना आणि माझ्या परिचारिका भगिनींना विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा