अडीच इंची मॉडेल १९ घेण्याआधी

टक्सन, शनिवार रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे फोटो सकाळीच मिळाले. टल्साच्या बंदूक-प्रदर्शनात तू हेरून ठेवलेलं रिव्हॉल्वर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ आहे: अडीच इंची नळी, निळा मुलामा, गोल मूठ. फोटोत ते आरशासारखं चमकतंय, आणि मला काळजी वाटते ती त्या चमकण्याचीच. पन्नास वर्षांच्या हत्याराला इतकी चकाकी दोनच कारणांनी असते. एक तर ते डब्यातून फारसं बाहेरच आलं नाही, नाहीतर कुणीतरी ते पुन्हा घासून रंगवलंय. पहिलं असेल तर मागितलेली किंमत वाजवी. दुसरं असेल तर संग्रहाच्या दृष्टीने निम्मीही जास्तच.

आखूड नळीच्या मॅग्नमची सुरुवात १९३५ सालची. स्मिथ अँड वेसनने विंचेस्टरच्या साथीने जास्त ताकदीचं .३५७ मॅग्नम काडतूस आणलं. आधीच्या .३८ स्पेशल काडतुसाचीच पुंगळी, पण साधारण एक अष्टमांश इंच जास्त लांब, जुन्या .३८ च्या हत्यारात चुकूनही बसू नये एवढ्यासाठी. पहिली रिव्हॉल्वरं 'रजिस्टर्ड मॅग्नम' म्हणून ऑर्डरप्रमाणे घडवली गेली, प्रत्येकाला नोंदणी क्रमांक. १९३९ पर्यंत अशी सुमारे साडेपाच हजार निघाली. त्यांतली साडेतीन इंची नळी पुढे सर्वांत जास्त नावाजली. जनरल पॅटनच्या कमरेला हस्तिदंती मुठीचं होतं ते हेच. पण ती मोठ्या एन-फ्रेमवरची (फ्रेम म्हणजे हत्याराचा मुख्य सांगाडा), दिवसभर बाळगायला जड. बॉर्डर पेट्रोलचे, म्हणजे अमेरिकी सीमा-पोलिसांचे, बिल जॉर्डन यांनी हेच काडतूस मध्यम के-फ्रेममध्ये द्या असा आग्रह धरला, आणि १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये 'कॉम्बॅट मॅग्नम' आलं. १९५७ पासून त्याचं नाव मॉडेल १९. अडीच इंची नळी साठच्या दशकातली. माझ्या मते सगळ्या लांड्या मॅग्नममध्ये याच्याइतकं प्रमाणबद्ध दुसरं नाही. कोल्ट कंपनीचं पायथन अधिक श्रीमंत दिसतं, पण पुढून जड वाटतं.

तर येत्या शनिवारी टेबलापाशी गेलास की आधी विक्रेत्याला विचार, सिलिंडर उघड, सहाही चेंबर रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा, आणि मगच पुढचं. छोटा टॉर्च, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात ने.

पहिली नजर नळीच्या मागच्या तोंडावर, म्हणजे फोर्सिंग कोनवर. के-फ्रेमची दुखरी जागा हीच. फ्रेम लहान असल्यामुळे गॅस रिंगला (सिलिंडरला गॅसपासून वाचवणाऱ्या कड्याला) जागा करून देण्यासाठी या तोंडाचा खालचा भाग, घड्याळातल्या सहाच्या जागी, सपाट कापलेला असतो. तिथे धातू सर्वांत पातळ. १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्या खूप झाडल्या की तडा नेमका तिथे जातो. १५८ ग्रेनवर ही हत्यारं बरीच निर्धास्त चालतात, आणि सरावाला .३८ वापरलं असेल तर उत्तमच. तडा केसाएवढा असतो. शिसं आणि काजळी साचली असेल तर दिसत नाही, म्हणून ते तोंड आधी पुसून घे. तडा असेल तर तिथेच विषय संपला. अडीच इंची जुनी नळी जुन्या साठ्यांतून शोधावी लागते, आणि ती बदलली की हत्यार मूळ राहत नाही. कंपनीने १९८० मध्ये एल-फ्रेम काढली ती मोठ्या प्रमाणावर याच दुखण्यावर उपाय म्हणून.

मग टायमिंग, म्हणजे सिलिंडर नेमक्या वेळी जागेवर येतं का ते. चेंबरमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतुसं भर, नाहीतर पुंगळ्या बाहेर ढकलणारा एजेक्टरचा तारा किंचित हलतो आणि निदान चुकतं. सिलिंडरवर अंगठा अगदी हलका टेकव आणि घोडा सावकाश मागे घे. घोडा अडकण्याआधी सिलिंडर स्टॉप (सिलिंडरला अडवणारी खिट्टी) खाचेत बसल्याचा आवाज यायला हवा, सहाही चेंबरवर. एखाददुसऱ्यावर उशीर होत असेल तर हँड, म्हणजे सिलिंडर फिरवणारा भाग, झिजलाय. ते दुरुस्त होतं, पण किमतीतून वजा कर. घोडा मागे अडकलेला असताना चापाला हात न लावता घोड्यावर अंगठ्याने पुढे दाब. तो सुटला तर कुणीतरी चाप हलका करायच्या नादात घोड्याची धार घासलीय. तसलं हत्यार घेऊ नकोस. शेवटी सिलिंडर बंद करून पुढे-मागे हलव. एक-दोन हजारांश इंच हालचाल ठीक. त्याहून जास्त असेल तर पातळ चकती (शिम) घालून ती काढता येते. सिलिंडर आणि नळी यांतली फट ०.००४ ते ०.०१० इंच असावी. सिलिंडरवरची फिकट फिरकी रेघ पाहून दचकू नकोस, स्मिथवर ती पडणारच.

आता मूळपणाची परीक्षा, कारण खरा पैसा इथे आहे. सिलिंडर उघडलं की योकच्या, म्हणजे सिलिंडर धरणाऱ्या बिजागरीसारख्या हाताच्या, मागच्या फ्रेमवर मॉडेल क्रमांक दिसतो: १९-२ म्हणजे १९६१ नंतरचं, १९-३ म्हणजे १९६७ नंतरचं, १९-४ म्हणजे १९७७ नंतरचं. १९८२ च्या १९-५ मध्ये नळीची पिन गेली आणि सिलिंडरच्या मागे पुंगळीचं बूड बसायच्या खोलगट वाट्याही गेल्या. संग्राहक पिन आणि वाट्या असलेलंच शोधतात, म्हणून नळीच्या मुळाशी फ्रेमवर आडव्या पिनचं टोक बघ. योकपाशी आणखीही आकडे असतात. ते जुळणीचे आकडे. नवखे लोक त्यांनाच क्रमांक समजून बसतात. या वयाच्या हत्याराचा खरा क्रमांक 'के' अक्षराने सुरू होतो आणि मुठीच्या बुडावर असतो. मुठीचे मोठे लाकडी गाले ते झाकतात, तेव्हा एक स्क्रू सोडायची परवानगी माग. क्रमांकाशेजारी तारा ठोकलेला दिसला तर ते कारखान्यात कामासाठी परत गेलेलं होतं. गाल्याखाली बहुधा महिना-वर्षही सापडतं. कारखान्याचं काम वाईट नसतं, पण ते विक्रेत्याने सांगायला हवं.

घरी रंगवलेलं ओळखणं सोपं आहे. साइडप्लेटची, म्हणजे फ्रेमच्या बाजूच्या झाकणाची, सांध मूळ कामात जवळजवळ दिसतच नाही. पॉलिशच्या चाकावर धरलेली असेल तर सांधेवर लाट येते, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोल होतात, अक्षरं पुसट होतात. आणखी एक: घोडा आणि चाप मुळात निळे नसतात, त्यांच्यावर केस-हार्डनिंगचे (धातूचा पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेचे) ढगाळ रंग असतात. ते निळे किंवा निकेलचे दिसले तर काही विचारू नकोस, पुढच्या टेबलाकडे जा. चार इंची नळी कापून अडीच केलेलीही भेटते, पण एजेक्टर रॉडचं (पुंगळ्या ढकलणाऱ्या दांडीचं) टोक नळीखालच्या खिट्टीत अडकायला हवं, आणि नळीवरची अक्षरं मधोमध असायला हवीत. कापलेल्यावर ही दोन्ही जमत नाहीत. लांबी मोजताना बंद सिलिंडरच्या तोंडापासून मोज, फ्रेमपासून नाही.

या नळीची एक उणीव आधीच सांगून ठेवतो. एजेक्टर रॉड आखूड आहे, त्यामुळे मॅग्नमच्या पुंगळ्या पूर्ण बाहेर ढकलल्या जात नाहीत. तीन इंची मॉडेल १३ मध्ये हा त्रास नाही. एफबीआयला ते आवडायचं त्यात नवल नाही.

तू पायथनबद्दलही विचारलं होतंस. जुन्या अडीच इंची कोल्ट पायथनचा निळा रंग बघत राहावा असा, पण त्याचं यंत्र जुन्या पद्धतीचं आहे. चाप दाबून धरला की हँड सिलिंडरला घट्ट दाबून धरतो. तिजोरीसारखं बसतं, आणि म्हणूनच लवकर झिजतं. ते टायमिंग नीट करणारे कारागीर मोजकेच उरलेत. पहिलं हत्यार म्हणून नको. स्वस्तात मजबूत हवं असेल तर रुगर स्पीड-सिक्स बघ, पावणेतीन इंची. त्याला साइडप्लेटच नाही, फ्रेम अखंड. १९७६ च्या हत्यारांवर अमेरिकी स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षाचा शिक्का असतो, तो असलेलं मिळालं तर सोडू नकोस.

घरी आणल्यावर ते उघडायची घाई करू नकोस. कधी उघडलंसच तर साइडप्लेट पेचकसाने उचकटू नकोस. स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांडीने ठोक, प्लेट आपोआप वर येते. स्क्रू एकमेकांच्या जागी लावू नकोस; पुढचा स्क्रू योक धरतो आणि त्याच हत्याराला बसवलेला असतो. चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, चामडं ओल आणि क्षार धरतं आणि निळ्या मुलाम्यावर ठिपके उठतात. पातळ मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात, सिलिका जेल, पन्नास टक्क्यांच्या आत आर्द्रता; ह्यूस्टनच्या हवेत हे टाळून चालणार नाही.

कागदपत्रांचं बघ. विक्रेता ओक्लाहोमाचा आणि तू टेक्सासचा, म्हणजे ते तुझ्या गावच्या परवानाधारक दुकानातूनच तुझ्या हाती येईल. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या हत्यारांसाठी संग्राहकाचा केंद्रीय परवाना काढलास तर थेट घेता येईल, फी तीन वर्षांना ३० डॉलर. आणि एच-वन व्हिसावरच्या भाच्याच्या हातात ते कौतुकानेसुद्धा देऊ नकोस. त्या व्हिसावर शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर नुसतं बाळगणंही गुन्हा आहे.

निळा पुठ्ठ्याचा डबा असेल तर त्याच्या टोकावरच्या चिठ्ठीवरचा क्रमांक बुडाशी जुळवून घे. क्रमांक, योकमधला मॉडेल आकडा आणि फोर्सिंग कोनचा जवळून काढलेला फोटो, एवढं शनिवारी टेबलापाशी उभा असतानाच पाठव. मी फोन जवळ घेऊन बसतो.

तुझा,
विनायक