दिनदर्शिकेत परदेशातल्या घड्याळांनाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७ च्या दिनदर्शिकांची जुळवाजुळव आता सुरू होईल. त्यानिमित्ताने सर्व मराठी दिनदर्शिकांच्या प्रकाशकांना आणि आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती करायची आहे. संकष्टीचा चंद्रोदय, एकादशी, ग्रहणे, लग्नाचे मुहूर्त, बँकांच्या सुट्ट्या हे सारे आपण तारखेच्या चौकटीत पाहतो. त्याच चौकटीत, वर्षातल्या मोजक्या रविवारी, परदेशातली घड्याळे उन्हाळ्यासाठी तासभर पुढे आणि हिवाळ्यासाठी परत मागे कधी होतात तेही छापावे. ज्या घरातली मुले अमेरिका, इंग्लंड, युरोप किंवा ऑस्ट्रेलियात आहेत, त्या घराचा आठवडा रविवारच्या फोनभोवती फिरतो, आणि तो फोन वर्षातून दोनदा हमखास चुकतो.

नेमके काय होते ते पाहा. कॅलिफोर्नियातला मुलगा दर रविवारी त्याच्या सकाळी ८ वाजता फोन करतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ८:३० असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचे घड्याळ एक तास मागे जाते. मुलगा नेहमीसारखा ८ वाजता फोन लावतो, पण इकडे ९:३० झालेले असतात. आईवडील तासभर वाट पाहून, रात्रीच्या गोळ्या घेऊन आडवे झालेले. तिकडे त्याला वाटते, फोन का उचलत नाहीत? इकडे साडेआठपासून काळजी सुरू झालेली असते, कारण म्हाताऱ्या माणसाच्या मनात न आलेल्या फोनचा अर्थ एकच असतो. मार्चमध्ये उलटे होते. फोन तासभर लवकर येतो आणि घरातले देवळात किंवा जेवणाच्या पानावर असतात. कुणाचीच चूक नसते, तारीख माहीत नसते एवढेच.

अमेरिकेत आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाते. इंग्लंड व युरोपीय संघातले देश मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा उलटा, म्हणून सिडनी-मेलबर्नला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. न्यूझीलंड सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पुढे करतो आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणजे २०२६ च्या उत्तरार्धात २७ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, २५ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर, आणि २०२७ मध्ये १४ मार्च, २८ मार्च, ४ एप्रिल, २६ सप्टेंबर, ३ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबर आणि ७ नोव्हेंबर. पूर्ण वर्षासाठी सातच चौकटी लागतात.

आपल्याकडे हा बदल नसल्याने तो डोक्यात बसत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, भारतातली घड्याळे तासभर पुढे होती. मुंबईने तर स्वतःची वेगळी, ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत जपली होती. दरवर्षी घड्याळ पुढे-मागे करण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

आता फरक तोंडी कसा काढायचा ते सांगते, कारण बोटांवर तास मोजताना आपला तो जास्तीचा अर्धा तास नेहमी गोंधळ घालतो. न्यूयॉर्क-न्यू जर्सीसाठी हिवाळ्यात आपल्या वेळेत दीड तास मिळवायचा आणि रात्रीची सकाळ करायची. आपले रात्रीचे ८ म्हणजे तिकडे त्याच दिवशीचे सकाळचे ९:३०. उन्हाळ्यात दीडऐवजी अडीच तास, म्हणजे १०:३०. शिकागो-डॅलससाठी हिवाळ्यात अर्धा तास आणि उन्हाळ्यात दीड तास मिळवायचा. कॅलिफोर्नियासाठी उलट वजा करायचे, हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अर्धा. लंडनसाठी हिवाळ्यात तर काहीच मोजावे लागत नाही. काट्यांचे मनगटी घड्याळ उलटे धरले की तिकडची वेळ दिसते, कारण फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे. उन्हाळ्यात त्या उलट्या वेळेत एक तास मिळवायचा. जर्मनी हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. मेलबर्न-सिडनी त्यांच्या उन्हाळ्यात आपल्या साडेपाच तास पुढे, हिवाळ्यात साडेचार.

आपण पहाटे ६ वाजता फोन लावला तर न्यूयॉर्कला आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, हिवाळ्यात ७:३० आणि उन्हाळ्यात ८:३०. ही वेळ फार चांगली आहे. आजी-आजोबा तसेही उठलेले असतात आणि नातवंडे झोपण्याआधी हाताशी सापडतात. फक्त वार नीट सांगायचा. आपल्या सोमवारची पहाट म्हणजे त्यांच्या रविवारची संध्याकाळ. ‘सोमवारी बोलू’ असे दोघांनी म्हटले आणि दोघे वेगवेगळ्या सोमवारी वाट पाहत बसले, असे पुष्कळ घरांत होते.

सर्वांत मोठी अडचण दिवाळीत येते. गणेशोत्सव नेहमी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिकडच्या उन्हाळी वेळेतच येतो, त्यामुळे आरतीच्या वेळेचा हिशेब दरवर्षी सारखा राहतो. संक्रांत कायम हिवाळी वेळेत. दिवाळी मात्र अधिक महिन्याप्रमाणे मागे-पुढे होते आणि नेमकी घड्याळबदलाच्या रेषेवर येते. यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर २०२६ ला आहे. अमेरिकेचे घड्याळ त्याआधी आठवडाभर, १ तारखेला मागे गेलेले असेल. आपण संध्याकाळी ७ वाजता पूजेला बसलो तर न्यू जर्सीत सकाळचे ८:३०, कॅलिफोर्नियात पहाटेचे ५:३० आणि लंडनला दुपारचा दीड वाजलेला असेल. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबर २०२७ ला येते, तेव्हा ना लंडनचे घड्याळ बदललेले असेल ना न्यूयॉर्कचे. त्याच ७ वाजता न्यू जर्सीत ९:३०, कॅलिफोर्नियात ६:३०, लंडनला २:३०. म्हणून ‘गेल्या वर्षी याच वेळेला केला होता’ हा हिशेब भाऊबीजेला हमखास फसतो. मेलबर्नचे घड्याळ दिवाळीच्या आधीच पुढे झालेले असते, त्यामुळे तिथला आकडा बदलत नाही, पण आपल्या ७ वाजता तिथे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. तिकडच्या लेकीला पूजा दाखवायची असेल तर दुपारी ३:३० ला, त्यांच्या रात्री ९ वाजता, निदान मांडणी तरी दाखवावी.

एक भाऊ लंडनला, बहीण न्यू जर्सीत आणि आईवडील पुण्यात अशा तिघांच्या एकत्र कॉलला आणखी एक पेच आहे. लंडन आणि अमेरिका एकाच दिवशी बदलत नाहीत. यंदा २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर आणि पुढच्या वर्षी १४ ते २८ मार्च या मधल्या काळात त्यांच्या आपसातल्या फरकातही एक तासाची घट होते. या आठवड्यांत प्रत्येकाला वेगळी वेळ सांगावी लागते. कुणाचे घड्याळ पाळायचे ते घरात एकदाच ठरवून घ्यावे. माझ्या मते रोजच्या बोलण्यासाठी मुलांचे घड्याळ धरावे, कारण त्यांची नोकरी आणि नातवंडांची शाळा त्यावर चालते. पूजा, वाढदिवस, श्राद्ध यांसाठी आपले. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आमंत्रण टाकायचे असेल तर ज्याचे घड्याळ धरले आहे त्याच्या शहराची वेळ निवडून टाकावे. अमेरिकेच्या वेळेत टाकलेले आमंत्रण इकडच्या फोनवर आपोआप तासाने सरकते. भारताच्या वेळेत टाकले तर इकडे जागचे हलत नाही आणि तिकडे सरकते. पुष्कळांचा घोळ इथेच होतो.

फोनमधल्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये ‘जागतिक घड्याळ’ असते. तिथे अधिकच्या खुणेवर बोट ठेवून शहर घालायचे. जवळचे मोठे शहर घालण्यापेक्षा बदल पाळणारे किंवा न पाळणारे नेमके शहर घाला. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला घड्याळ बदलत नाही, ते वर्षभर साडेबारा तास मागेच राहते. म्हणून मुलगा फिनिक्सला असताना डेन्व्हर घातले तर निम्म्याहून जास्त वर्ष चूक दिसेल. ब्रिस्बेनही बदलत नाही, तिथे सिडनी घालू नये. पर्थ वर्षभर आपल्या अडीच तास पुढे. ‘ईएसटी’ (अमेरिकेच्या पूर्व भागाची हिवाळी वेळ) अशी नुसती अक्षरे निवडू नयेत, ती बारा महिने हिवाळी वेळच दाखवतात. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी भिंतीवर दुसरे घड्याळ लावावे आणि ते हलवायच्या दोन तारखा मागच्या बाजूला कागदावर लिहून चिकटवाव्यात.

आखातातल्या घरांना घड्याळाचा त्रास नाही. दुबई आणि मस्कत बारा महिने दीड तास मागे, सौदी, कुवेत आणि कतार अडीच तास. तिथे वाराची अडचण असते. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी धरली. मस्कत, रियाध, दोहा, कुवेतला मात्र अजून शुक्रवार-शनिवार असते, म्हणून रविवारी मुलगा कामावर असतो. शिवाय अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आणि फोटो जातात, कॉल लागत नाही. तिथे चालणारे कॉलिंग अ‍ॅप दोन्हीकडे उतरवून घ्यावे लागते. पहिल्यांदा मुलगा गेला की घरचे चार दिवस व्हॉट्सअ‍ॅपची घंटा वाजवत राहतात, आणि त्याला वाटते घरून फोनच येत नाही.

कोकणातल्या अनेक घरांतली माणसे बोटीवर असतात. बोटीचे घड्याळ प्रवासात तासातासाने सरकत असते आणि नेट मोजून मिळते. सागरी कामगार कराराच्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत खलाशांच्या संपर्काच्या सोयीचा समावेश आहे, पण बंदर सुटल्यावर दोन-तीन दिवस संदेशाला एकच खूण दिसली तर घाबरू नये. अशा घरांनी वेळ ठरवण्याऐवजी आवाजी संदेश पाठवून ठेवावेत, नेट आल्यावर ते पोचतात.

अडीअडचणीच्या फोनबद्दल थोडे. आपल्या सकाळी ११ ला न्यूयॉर्कला मध्यरात्र उलटलेली असते आणि मुलाचा फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असतो. आयफोनमध्ये त्याच नंबरावरून तीन मिनिटांत दुसरा फोन आला की घंटा वाजावी अशी सोय आहे, अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांत. ती मुलांनी चालू करून ठेवावी आणि घरच्यांनी ‘लागोपाठ दोनदा म्हणजे तातडीचे’ हे पाठ करावे. हा फोन व्हॉट्सअ‍ॅपवरून न करता साध्या कॉलने करावा. त्यासाठी प्रीपेड सिमवर परदेशी कॉलचा वेगळा रिचार्ज आधीच करून ठेवावा लागतो, आणि नंबर अधिकच्या खुणेसह, देशाच्या क्रमांकासकट साठवलेला हवा. अमेरिकेचा १, इंग्लंडचा ४४, ऑस्ट्रेलियाचा ६१, अमिरातीचा ९७१. संकट आल्यावर रिचार्ज शोधत बसायची पाळी कुणावर येऊ नये.

जाता जाता, तिकडे जन्मलेल्या नातवाची पत्रिका करून घेताना जन्मवेळ तिकडच्याच घड्याळाची द्यावी आणि गावाचे नाव व उन्हाळी वेळ होती का, ते स्पष्ट सांगावे. पत्रिकेतले लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांत बदलते, एक तास चुकला की बऱ्याचदा पत्रिकाच बदलते. संकष्टीचा चंद्रोदयही आपल्या दिनदर्शिकेतला तिकडे चालत नाही, तो त्यांच्या गावाचा पाहावा लागतो.

प्रकाशकांनी त्या रविवारच्या चौकटीत एवढेच छापावे: ‘अमेरिकेत घड्याळ १ तास मागे. आजपासून न्यूयॉर्क १०॥ तास मागे, कॅलिफोर्निया १३॥ तास मागे.’ नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कचा बदल आपल्या रविवारी सकाळी ११:३० ला होतो, कॅलिफोर्नियाचा दुपारी, आणि युरोपचा सकाळी ६:३० ला, म्हणून रविवार संध्याकाळचा फोन नव्या वेळेनेच येतो. मेलबर्नचे घड्याळ ऑक्टोबरमध्ये आपल्या शनिवारी रात्री ९:३० ला आणि न्यूझीलंडचे सप्टेंबरमध्ये शनिवारी संध्याकाळी ७:३० ला पुढे जाते, तेव्हा त्यांची सूचना शनिवारच्या चौकटीत घातली तर जास्त उपयोगी. आपल्या वृत्तपत्राने आदल्या शनिवारी, हवामानाच्या चौकटीशेजारी, याच दोन ओळी दिल्या तर दिनदर्शिका येईपर्यंत २५ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरची सोय होईल. जागा कमी असेल तर युरोपचे आकडे गाळा, पण अमेरिकेचे नक्की द्या.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा