सूचना : रेल्वेप्रवासाच्या स्पॅनिश शब्दांची उजळणी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या वर्गात रेल्वेप्रवासाच्या शब्दांची तोंडी उजळणी होईल. स्पेनला जाणाऱ्या सभासदांनी न चुकता यावे.

• 'बियेते' (तिकीट), 'इदा इ ब्वेल्ता' (जाऊन-येऊन), 'सालिदा' (सुटणे), 'येगादा' (पोहोचणे) आणि 'रेत्रासो' (उशीर) हे शब्द मोठ्याने म्हणून पाठ करावेत.
• तिकिटावरील 'कोचे' म्हणजे डबा आणि फलकावरील 'बीआ' म्हणजे रूळ. माद्रिदच्या आतोचा स्थानकावर वेगवान गाडीसाठी आधी सामानाची तपासणी होते आणि रुळाचा क्रमांक गाडी सुटण्यापूर्वी थोडाच वेळ आधी झळकतो, म्हणून हा शब्द घोषणेतही चटकन ओळखता यायलाच हवा.
• उशिरा येणाऱ्यांसाठी उजळणी पुन्हा घेतली जाणार नाही.

– वर्गसंयोजक