कार्यशाळेला मुलांच्या चुका दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणाऱ्या शिक्षकांच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेला नुकतीच जाऊन आले. पहिला दिवस सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यात गेला, दुसरा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव) आणि लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणे) यांत, तिसरा प्रमाणपत्रे आणि ग्रुप फोटोत. पायथन मला येते. वर्गात अडते ते भलतीकडेच.

फळ्यावर मी तीन ओळी लिहिते : अ = ५, ब = अ, अ = ७. आता ब किती? उत्तर ५, कारण प्रोग्रॅममध्ये ‘=’ म्हणजे उजवीकडची त्या क्षणाची किंमत डावीकडच्या नावाला देणे. पण दरवर्षी निम्मा वर्ग ठामपणे ‘७’ म्हणतो. मुले मठ्ठ नाहीत. गणितात बरोबरचे चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू कायमच्या समान, तेच ती इथे लावतात. मग मी वर्षानुवर्षे घोकलेली डब्याची उपमा देते, व्हेरिएबल म्हणजे डबा. त्यावर एक मुलगी म्हणाली, “मग अ च्या डब्यात आता ५ आणि ७ दोन्ही असतील ना?” चूक माझ्या उपमेत होती. हे कोणत्याही कार्यशाळेत मला कोणी सांगितले नव्हते.

खरे तर या विषयावर अभ्यास भरपूर झाला आहे. २००१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत पहिला कोर्स संपवलेल्या विद्यार्थ्यांना साधेसे प्रोग्रॅम लिहायला दिले, तेव्हा ११० पैकी सरासरी २३ च्या आसपास गुण पडले. २००४ मध्ये सात देशांत त्याच पातळीच्या विद्यार्थ्यांना कोड लिहायला न देता फक्त वाचायला दिला. कित्येकांना छोट्या तुकड्याचे उत्तर काय येईल हेही सांगता आले नाही. वाचताच येत नाही, तर लिहिणार काय? म्हणूनच आधी कोड काय करेल याचा अंदाज, मग तो चालवून बघणे, मग त्याची छाननी, मग थोडा बदल आणि शेवटी स्वतःचा प्रोग्रॅम, असा क्रम सुचवणारी ‘प्रिम’ पद्धत आली. उलटसुलट केलेल्या ओळी योग्य क्रमाने लावायची ‘पार्सन्स प्रॉब्लेम’ ही कोडी २००६ पासून आहेत. छापील चिठ्ठ्यांवरही ती घेता येतात, लॅब बंद असली तरी.

कार्यशाळेत हे का नसते? मला वाटते, भाषा शिकवणारा तज्ज्ञ चटकन मिळतो. कोवळ्या मुलांना ती शिकवताना रोज आपटी खाणारा शिक्षक व्यासपीठावर बोलवावा, हे आयोजकांना सुचत नाही. शिवाय तीन दिवस सलग कोंबण्यापेक्षा एक दिवस आता, मग दीड-दोन महिने वर्गात करून बघणे आणि पुन्हा एक दिवस, असे केले तर दुसऱ्या खेपेला आमच्याकडे विचारायला काहीतरी असेल.

सहामाहीतले चुकलेले पेपर मी जपून ठेवले आहेत. पुढच्या कार्यशाळेत तेवढे टेबलावर पसरायला जागा द्या. प्रमाणपत्र नाही दिले तरी चालेल.

आपली,
एक संगणक शिक्षिका