डाइव्ह कॉम्प्युटरला नुसतं घड्याळ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला स्कूबावरचा, म्हणजे पाठीवर टाकी घेऊन पाण्याखाली जाण्यावरचा लेख वाचला, बाकी छान होता पण त्यात मनगटावर बांधायच्या डाइव्ह कॉम्प्युटरला 'हौशी लोकांचं महागडं घड्याळ' म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. बारा वर्षं डायव्हिंग करतोय म्हणून राहवलं नाही, लिहायला बसलो.

घड्याळ फक्त वेळ सांगतं हो. हे यंत्र दर काही सेकंदांनी पाण्याचा दाब मोजतं आणि त्यावरून तुमच्या अंगात किती नायट्रोजन मुरला असेल त्याचा हिशोब मांडत राहतं. पाण्याबाहेर हवेचा दाब साधारण १ बार (दाबाचं एकक) असतो आणि पाण्यात दर १० मीटरला तो आणखी १ बारने वाढतो, म्हणजे ३० मीटरवर तो वरच्यापेक्षा चौपट, आणि तेवढ्याच पटीत नायट्रोजन रक्तात, चरबीत विरघळायला लागतो. अशा वेळी झटक्यात वर आलात की त्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊ शकतात, त्यातून माणूस लुळा पडू शकतो, जीवही जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९०८ साली यावर तक्ते मांडले तेव्हा शरीराचे ५ भाग धरले होते, नंतर झुरिकचे डॉक्टर ब्यूलमान यांनी १६ धरले, त्यातला एखादा ५ मिनिटांत नायट्रोजनने अर्धा भरतो तर एखाद्याला ६३५ मिनिटं लागतात. अनेक कॉम्प्युटरमध्ये हे सोळाच्या सोळा हिशोब तुमच्या मनगटावर एका छोट्याशा बॅटरीवर एकाच वेळी चालू असतात.

आता पैसे कुठे जातात? नुसती चिप महाग नाही. दाब मोजणारा सेन्सर, त्याच्यावरचा जेल, थंड-गरम पाण्यात त्याचं रीडिंग हलू नये म्हणून प्रत्येक पीसचं कॅलिब्रेशन, मग खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकेल असं बाहेरचं कवच, बटणं, सील, आणि प्रेशर चेंबरमधली टेस्टिंग. हा सगळा खर्च फोनसारखा कोट्यवधी गिऱ्हाइकांत वाटला जात नाही, डायव्हर जगात आहेतच किती! शिवाय चूक झाली तर? २००३ साली एका नावाजलेल्या कंपनीला आपले काही जुने नायट्रॉक्सचे (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या गॅसचे) कॉम्प्युटर परत मागवावे लागले, कारण दोन डाइव्हच्या मधे माणूस वर बसून साधी हवा घेत असतो आणि सॉफ्टवेअर धरून चाललं होतं की तो अजून टाकीतलाच जास्त ऑक्सिजनवाला गॅस घेतोय, म्हणजे अंगातला नायट्रोजन खरा जितका होता त्यापेक्षा कमी दाखवला जात होता. सॉफ्टवेअरमधली एक चूक, आणि त्यात माणसाचा जीव अडकलेला.

सीलचं महत्त्व मला स्वतःला कळलंय. एकदा घरी बॅटरी बदलली, ओ-रिंगवर, म्हणजे सीलच्या रबरी कड्यावर, डोक्याचा एक केस राहिला, बारीक, डोळ्याला दिसलाच नाही. १८ मीटरवर गेलो तर काचेच्या आतून ओल चढायला लागली, आकडे फिके झाले आणि मग काहीच नाही, काळी स्क्रीन. जोडीदाराला खूण केली, हळूहळू वर आलो, अंगातला नायट्रोजन हळूहळू निघावा म्हणून ५ मीटरवर त्याच्या घड्याळावर ३ मिनिटं मोजून थांबलो आणि २४ तास पाण्यात उतरलो नाही, कारण माझ्या अंगात किती नायट्रोजन आहे हे सांगणारं तेच एक होतं आणि ते गेलं होतं. जोडीदाराचा कॉम्प्युटर मला चालत नाही, तो त्याच्या खोलीचा आणि त्याच्या आधीच्या डाइव्हचा हिशोब ठेवतो, माझा नाही.

मात्र एक तक्रार माझीही आहे आणि ती मनापासून आहे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग मॉडेलमधला जो फरक आहे तो बहुतेक वेळा सुरक्षिततेचा नसतो. रंगीत स्क्रीन, टायटॅनियम, नीलमणी काच, आणि टाकीचा दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर. त्या ट्रान्समीटरचं मी समजू शकतो, ब्लूटूथ पाण्यात चालत नाही म्हणून वेगळी कमी फ्रिक्वेन्सी लागते आणि तो टाकीच्या २०० बार दाबावर बसलेला असतो, पण नळीवरचा दाब दाखवणारा साधा गेजही तेच काम करतो. गणित मात्र अनेकदा तेच ब्यूलमानचं, जे कधीचं छापून सगळ्यांसमोर आहे. आणि युरोपातलं ईएन १३३१९ हे मानक फक्त खोली आणि वेळ नीट मोजली जाते का एवढंच बघतं, डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना नायट्रोजन कसा बाहेर पडेल याचा हिशोब त्यात येतच नाही! मग कोणतं गणित वापरलंय, ते किती सावध ठेवलंय, हे कंपनीनं डब्यावर ठळक छापायला नको का?

लेख वाचून एखादी नवशिकी मुलगी म्हणेल, महागडं घड्याळच आहे ना, मग कशाला घ्यायचं, जोडीदाराचं बघू. याचीच मला भीती वाटते. पुढच्या अंकात एवढं तरी छापा की साधं, बेसिक मॉडेल पुरतं, पण ज्याचं त्याचं स्वतःचं हवं.

आपला,
एक वाचक